धुराचा किस्सा मागे घेताना

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सेलू, पवनार, कारंजा आणि आजूबाजूच्या गावांत, लग्नमंडपांत नि पानठेल्यांवर गेली दहा वर्षं मी जो 'नवरदेव खिडकीतून पळाला' हा किस्सा सांगत आलो, तो आजपासून मागे घेण्यात येत आहे. ज्यांनी तो ऐकून पोट धरलं असेल, त्यांनी आपलं हसू कृपया परत करावं. कारण महादेव मिस्त्री गेला. महिना होत आला. बातमी मला सेलूच्या बसस्टँडवर कळली. कारंज्याहून आलेला ओळखीचा ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, तुमचा तो धुरवाला मिस्त्री गेला ना! छातीत कळ आली अन् संपला." धुरवाला... हे नाव त्याला मी दिलेलं. मेल्यावरही त्याला तेच चिकटलेलं ऐकलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

महादेव गाड्यांची वायरिंग करायचा. सेलूत टिनाच्या शेडमध्ये त्याचं दुकान होतं. त्याची एक रीत होती. काम झालं की इंजिन सुरू ठेवून नवी वायर तो बराच वेळ मुठीत धरून बसायचा, वैद्यानं नाडी धरावी तसा. वायर कोमट जरी लागली तरी सगळं उकलून पुन्हा करायचा. गिऱ्हाईक वैतागायचं, हा ढिम्म. त्या काळी माझी अँबॅसॅडर लग्नाला भाड्यानं जायची आणि माझी महत्त्वाकांक्षा अफाट होती. सेलूत माझी गाडी वाजली की पवनारची माणसं दचकली पाहिजेत! नागपूरहून मी कॅसेट प्लेयर, दांडगा अॅम्प्लिफायर आणि चार स्पीकर आणले आणि महादेवसमोर राजासारखे मांडले. त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं नि म्हणाला, "भाऊ, ह्या वायरी दिव्यापुरत्या हायेत. एवढा आवाज ह्याइच्यावर लादसान, त गोऱ्ह्याले ट्रक ओढाले लावल्यावानी होईल." मग तीन दिवस तो गाडीत घुसून होता. जास्त वीज मिळावी म्हणून जुना डायनामो काढून ट्रकचा अल्टरनेटर बसवला. बॅटरीपासून डिकीपर्यंत अंगठ्याएवढी जाड वायर नेली, पत्र्याला जिथे भोक तिथे रबर लावलं, आणि बॅटरीच्या अगदी शेजारी एक फ्यूज बसवला. "हा उडाला त नाराज होऊ नका, भाऊ. तो मेला म्हून गाडी जित्ती राह्यली, असं समजा." एवढं सांगून त्यानं मुठीत वायर धरली. ती थंडगार होती. त्या वेळी त्याचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही!

त्यानंतरची पहिलीच वरात. भर दुपार, मागच्या सीटवर बाशिंग बांधलेला नवरदेव, गाडीपुढे नाचणारी पोरं. मला एवढा आवाज पुरेना. मंडपवाल्याचा दुसरा अॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे मी त्याच वायरीवर चढवले. गावाच्या वेशीपाशी फ्यूज उडाला आणि गाडी मुकी झाली. पहिलीच वरात म्हणून महादेव सोबत आला होता; वेशीजवळच जानोशाच्या घरी, वऱ्हाड उतरलं होतं तिथे, जेवायला बसला होता. त्याला बोलवायला हवं होतं. पण वऱ्हाडी ओरडत होते, "वाजव ना बे भाऊ, मौत झाली काय कोनाची?" मी सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली, उडालेल्या फ्यूजला गुंडाळली आणि दाबून बसवली. आपल्याकडे कोण नाही करत? गाणं पुन्हा सुरू झालं. दोन मिनिटांनी सीटखालून धूर निघाला. नवरदेव बाशिंगासकट खिडकीतून बाहेर पडला... हे मात्र अक्षरशः खरं आहे. उष्ट्या हातानं धावत आला तो महादेव. तापलेली वायर त्यानं तशीच धरून बॅटरीवरून ओढून काढली. तळहाताची कातडी सोलली गेली. मग त्यानं फ्यूज पाहिला, चांदी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात नवरदेवाचा मामा गरजला, "काय वायरिंग केली बे मिस्त्री? पोरगं जाळत होता काय आमचं?" महादेव मी काही बोलायची वाट पाहत होता. आणि मी, ज्याचं तोंड झोपेतही बंद नसतं, तो त्या दिवशी गप्प राहिलो.

त्यानंतर सेलूत त्याच्याकडे कुणी मोठं काम नेईना. हॉर्न आणि बल्ब, बस. वर्षभरात दुकान बंद करून तो कारंज्याला हायवेवर ट्रकांची कामं करायला गेला. इकडे माझा किस्सा मात्र भरात आला. त्यात धांदरट मिस्त्री होता, त्याचं बोबडं बोलणं होतं (महादेव कधीच बोबडा नव्हता), धूर होता, नवरदेव होता. चांदी तेवढी नव्हती. एकदा एका साखरपुड्यात मी रंगात आलो असताना महादेव आणि त्याची बायको गंगाबाई मागे बसलेले दिसले. महादेवही सगळ्यांबरोबर हसला. पान खायला बाहेर आलो तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाला, "किस्सा लय भारी सांगता, भाऊ. फक्त फ्यूज बसोला होता, एवढं सांगत जा." आणि मी काय म्हणालो? "अरे, त्यानं किस्सा पडतो ना, महादेव!" त्यानं मान हलवली. जणू त्याला पटलंच...

मागच्या आठवड्यात त्याच्या घरी भेटायला गेलो. ओसरीत पाच-सहा माणसं बसली होती. त्याचा साळा म्हणाला, "भाऊ, तो किस्सा सांगा ना जरासा. लोकाइचं मन हलकं होईल." मी सांगितला. या वेळी भोंगे सांगितले, फ्यूज सांगितला, चांदी सांगितली, सोललेला हात सांगितला. महादेवनं पान खाताना काय मागितलं तेही सांगितलं. कुणी हसलं नाही. किस्सा खरोखरच पडला. गंगाबाई दारात उभी राहून ऐकत होती. रडेल असं वाटलं, शिव्या देईल असंही वाटलं. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "मंग त्या साखरपुड्यात सगळ्याइत जास्त तुमीच काऊन हासत होते?"