हो काका, बरोबर काका!

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. फक्त कप आधी खाली ठेवा, माझ्या ओढणीवर चहा नको! तर ऐका. एका मुलीचं कॉलेज वाचवायला गेले आणि माझ्याच तोंडानं ते बंद करून आले.

झालं असं. आमच्या पांढुर्ण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरला पोरं धडाधड नाव घालतात आणि दिवाळी झाली की बाक रिकामे व्हायला लागतात. म्हणून कॉम्प्युटरच्या मॅडमनी ठरवलं, तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येकानं पहिल्या वर्षाच्या एकेकाला सांभाळायचं, शिकवायचं, टिकवायचं. माझ्या वाट्याला आली वैशाली. तिगावची, घरी संत्र्याचा बगीचा, शाळा सगळी मराठीत. आणि राज्य हिंदीचं, त्यामुळे वर्गात तर सगळं हिंदी-इंग्रजीत चालतं.

मी तिला रोज कॅन्टीनमध्ये घेऊन बसायचे. तिचा समोसा थंड व्हायचा, पण माझं भाषण काही थांबायचं नाही. मेमरी म्हणजे गल्ली, व्हेरिएबल म्हणजे घर, पॉइंटर म्हणजे घराचा पत्ता!

"समजलं?"

"हो ताई."

"लूप?"

"हो ताई."

काय हुशार मुलगी! खरं सांगू? मला वाटायचं, काय हुशार मी! मॅडमना जाऊन सांगूनही टाकलं, माझी वैशाली एकदम पक्की झाली. मॅडम खूश. म्हणाल्या, मग सोमवारी लॅबमध्ये सगळ्यांसमोर तीच प्रोग्राम करून दाखवेल.

सोमवारी वैशाली आलीच नाही. पुढेही नाही. फोन बंद. एकदा घरी बसलेली पोरगी परत येत नाही हो, आमच्याकडे पाहिलंय मी.

मग काय, पॅसेंजर पकडून निघाले तिगावला. रस्ताभर भाषण पाठ करत होते. मुलींचं शिक्षण, कॉम्प्युटरचं युग, डोळ्यात पाणी आणायची जागासुद्धा ठरवून ठेवली होती!

अंगणात संत्र्यांचा ढीग. वैशालीच्या बाबांनी खुर्ची पुसून दिली, आईनं चहा आणला. वैशाली दाराआड. मी घसा साफ केला, आणि तेवढ्यात काकाच सुरू झाले.

"आता पाहा ताई, औंदा आंबियाचा बार घेतला. मृगाचा सोडून देल्ला."

आंबिया? मृग? माझे बाबा शाळामास्तर, संत्री आमच्याकडे पिशवीतून येतात! पण मोठं माणूस बोलत असताना मान हलवायची, हे घरातलं वळण.

"हो काका."

"मंधात गळ लागली. फवारे मारले तवा कुठं थांबली."

"बरोबर काका."

माझ्या डोक्यात भाषण चालू, मान काकांकडे चालू. ते श्वास घेतील तिथं शिरायचं, एवढंच ध्यान.

"आता माल तोडीले आला. सौसरचा व्यापारी घाई करून राहिला, अन् मजूर तं भेटूनच नाही राहिले."

"हो ना काका."

"म्हून म्हटलं, वैशूले आता घरीच राहू द्यावं. तशीबी ते म्हनते, मले जमत नाही. तुमचं काय म्हननं हाये?"

"अगदी बरोबर काका!"

दाराआड भांडं पडलं. मी म्हटलं, मांजर असेल!

काकांचा चेहरा एकदम हलका झाला. "मी तं भेत होतो, तुम्ही रागवान म्हून. लय समजदार पोरगी हाये हे!" काकूंनी पिशवीभर संत्री हातात दिली. भाषण राहूनच गेलं, पण इतकी चांगली माणसं पोरीला पाठवणारच, असं मनात म्हणत मी स्टेशनकडे निघाले. आहे की नाही कमाल?

मागून वैशाली पळत आली. डोळे लाल.

"ताई, तुम्हीबी?"

"मी काय केलं गं?"

"बाबानं इचारलं, घरी राहू देऊ का. तुम्ही म्हटलं, अगदी बरोबर! मले वाटलं होतं, तुम्ही तरी नाही म्हनान."

"अगं, ते आंबिया-मृग काही समजलंच नाही, तिथूनच माझं ऐकणं सुटलं होतं!"

"मंग हो काऊन म्हटलं?"

"काका इतक्या मायेनं सांगून राहिले होते. समजलं नाही असं कसं म्हणू? लाज वाटते ना!"

ती खाली पाहत म्हणाली, "मंग मी तरी तुमाले कसं म्हनू, ताई?"

मला रडू आलं. ठरवलेल्या जागी नाही, तिथंच, रस्त्यात.

"पॉइंटर नाही समजला?"

"पॉइंटर तं सोडा. तुमचं 'समजलं?' तेवढं समजे."

दोघी परत फिरलो. मी काकांना सांगितलं, "काका, मी उगीच मान हलवली. मला बगीच्यातलं ओ की ठो कळत नाही. पुन्हा सांगा." काका असे हसले की काकू बाहेर आल्या. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी प्रत्येक वाक्याला अडवलं, तेव्हा कळलं की बार म्हणजे फळांचा बहर आणि गळ म्हणजे कच्ची फळं गळणं. शेवटी म्हटलं, "तिला घरी नका ठेवू. तिला जमत नाही असं नाही, मलाच शिकवता आलं नाही."

काका वैशालीकडे वळले. "तुले जायाचं हाये?"

"हो बाबा."

"का ताईवानी हो म्हनून राहिली?"

"नाही बाबा. मले खरंच शिकाचं हाये."

"मंग जाय. तोडीचं मी पाहीन."

तेव्हापासून बाईसाहेबांना "नाही समजलं ताई" म्हणायची अशी गोडी लागली आहे की काय सांगू! आता समोसा माझा थंड होतो. परवा म्हणाली, "पत्ता समजला ताई. पन त्या पत्त्याचाबी पत्ता कायले ठेवा लागते?"

मी तो थंड समोसा तोंडात कोंबला. पॉइंटरचा पेपर तर मी पाठ करून काढला होता हो!

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या वर्षाच्या वर्गात, शेवटच्या बाकावर, मान खाली घालून. सरांनी हिंदीत विचारलं, तू तर तिसऱ्या वर्षाची, इथं कशी?

मी काही बोलायच्या आत वैशाली उभी राहिली. भर वर्गात, खणखणीत मराठीत.

"सर, ताईले पॉइंटर नाही समजला. लाजून राहिल्या होत्या, म्हून मीच घेऊन आली."