बांडीच्या मानेतली गाठ

"विषय बदलू या का?" असं पीएचडीच्या सरांनी विचारलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुण्याहून पणदऱ्याला घरी आले. चार वर्षं मी एकाच प्रथिनाच्या मागे होते आणि ते काही हाती लागत नव्हतं.

माझं काम गोचीड तापावर होतं. गोचीड चावली की एक एकपेशी परजीवी गाईच्या अंगात शिरतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीत जाऊन राहतो. पेशीला तो मारत नाही. उलट तिला सारखी दुभंगायला लावतो. पेशी दुभंगताना तिच्या आत धाग्यांचा ताणा उभा राहतो. हा परजीवी त्या धाग्यांना जाऊन चिकटतो आणि एका पेशीच्या दोन झाल्या की त्याचेही दोन होऊन एकेकीच्या वाट्याला एकेक जातो. हे त्याला जमतं ते त्याच्या अंगावरच्या प्रथिनांमुळे. दुभंगायचा हुकूम देणाऱ्या पेशीच्या प्रथिनांना ती धरून ठेवतात. त्यातल्या एका प्रथिनाची पकड सोडवता येते का, एवढंच मला बघायचं होतं. पण ते प्रथिन नळीत विरघळायचंच नाही. दर वेळी तळाशी पांढरा गाळ.

घरी यातलं काही सांगितलं नाही. वडील गेल्यावर आईनं ऊस आबांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या हवाली केला होता आणि स्वतः गोठा धरला होता. गोठ्यात तीन गाई. त्यातली काळी-पांढरी बांडी तिची सगळ्यात लाडकी, कारण ती तिनं वासरापासून वाढवली होती. शेजारपाजारी आई सांगायची, "लेक माझी गोचीड तापाचं शिकती." ते ऐकलं की मला लाज वाटायची.

मी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "बघ की जरा बांडीला. वैरणीला त्वांड लावना. डोळ्यातनं पाणी बी येतंय."

मी गोठ्याच्या दारातूनच पाहिलं. "ऊन लागलं असंल. पाणी मार अंगावर."

"ताप तर न्हाय ना तुझा त्यो?"

"न्हाय गं."

का म्हणाले असेन मी असं? खरं तर मी आजारी गाय कधी जवळून पाहिलीच नव्हती. आमच्या प्रयोगशाळेत हा परजीवी गोठवलेल्या पेशींच्या नळीतून यायचा, नळीवर फक्त आकडा असायचा. शिवाय त्या आठवड्यात मला त्याचं नावही नको होतं. पुस्तकातल्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं, खांद्यापुढे, मानेच्या बुडाशी गाठ सुजते. ती चाचपायला दोन पावलं पुढे जावं लागलं असतं. मी गेले नाही.

तिथून चौथ्या दिवशी बांडी बसली ती उठेना. दूध आटलं होतं. आईनं मला न विचारताच गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते बारामतीहून आले, बांडीच्या मानेवरून हात फिरवला. मग माझा हात धरून तिथं ठेवला. कातड्याखाली लिंबाएवढी गाठ होती, गरम आणि टणक. पापणी उलटून दाखवली. आतला लाल रंग गेला होता, नुसतं पांढरं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "चार दिवस झालं."

डॉक्टरांनी सुईनं गाठीतलं पाणी काढून काचेवर पसरलं. मी हट्टानं त्यांच्याबरोबर बारामतीला गेले आणि त्यांच्या दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळ्या-जांभळ्या रंगात पेशीच पेशी, आणि जवळजवळ प्रत्येकीत तो बसलेला. एक पेशी नेमकी दुभंगताना सापडली होती. तो तिच्या मधोमध लांबट पसरलेला, वाटणीची वाट बघत. असं दृश्य मी शेकडो वेळा पाहून टिपून ठेवलं होतं. आज ती पेशी बांडीची होती.

"यावरचं खात्रीचं इंजेक्शन एकच," डॉक्टर म्हणाले. "लवकर दिलं तर. पण तालुक्यात साथ आहे, माझ्याकडचं संपलंय."

दोन दिवस मी दुकानं पालथी घातली. बारामतीत नाही. इंदापूरला फोन लावले, तिथंही नाही. "सोमवारी येईल," सगळे म्हणायचे. तोवर डॉक्टरांनी सलाईन लावलं, ताप उतरायचं औषध दिलं. आबा गोठ्यात येऊन उभे राहायचे, परत जायचे. आई बांडीच्या तोंडात चमच्यानं गुळाचं पाणी सोडायची, ते गालावरून खाली ओघळायचं.

सहाव्या दिवशी मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, वरकुट्याला दिलेली. मागच्या वर्षी तिची दुसरी गाय याच तापानं गेली होती. तेव्हा आणलेली इंजेक्शनची एक बाटली न टोचताच घरात पडून होती.

"अगं, मला आठवणच न्हाय बघ," ती म्हणाली. "तारीख हाय अजून. ये घेऊन जा."

मी स्कूटी काढली. बारामती ओलांडून कळसच्या बाजूनं वरकुट्याला पोचायला दोन तासांहून जास्त लागले. वाटेत एकदाही थांबले नाही. मावशी बाटली फडक्यात गुंडाळून दारातच उभी होती. मी ती घेतली, निघाले, आणि जाता जाता गोठ्याकडे नजर गेली. तिची एकच गाय. डोळ्यांतून पाणी येत होतं.

या वेळी मी दोन पावलं पुढे गेले. मानेच्या बुडाशी हात घातला. गाठ होती. सुपारीपेक्षा थोडी मोठी, आणि गाय नेहमीपेक्षा गरम.

"मावशी, ही खाती का नीट?"

"कालपासनं जरा कमी. उन्हाचं असंल, न्हाय का?"

मी गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. काही न बोलता निघता आलं असतं. मावशीला सोमवारपर्यंत काहीच कळलं नसतं. पण मी बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला आणि दोन्ही गाईंचं सांगितलं.

ते म्हणाले, "आत्ताच तुमच्या गोठ्यातून आलोय. बांडीच्या अंगात रक्त राहिलं नाही. द्यायचं म्हणून देऊ आपण, पण मला आशा नाही. तिथली गाय मात्र आज दिलं तर वाचेल."

"अर्धं-अर्धं?"

"अर्ध्यानं दोन्ही जातील."

मी मावशीला सगळं खरं सांगितलं. ती मटकन ओट्यावर बसली.

"न्हाय," ती म्हणाली. "तू घेऊन जा. ताई काय म्हणंल? तिची गाय मरायला टेकलीय आन् मी..."

"मावशी, ती न्हाय वाचत. ही वाचती."

"ताईला इचार आधी."

मी आईला फोन लावला. आईनं पूर्ण ऐकून घेतलं.

"तू काय डॉक्टर झालीस व्हय?" ती म्हणाली. "घेऊन ये."

"आई, अगं..."

"चार दिवस तू ऊन म्हणालीस. आता घेऊन ये म्हणते तर आणायचं." आणि फोन बंद.

मावशीला मी म्हणाले, आई हो म्हणाली. आयुष्यात एवढं सरळ खोटं मी कधी बोलले नव्हते. गावातल्या पशुवैद्यकाला बोलावलं. त्यांनी डॉक्टरांशी बोलून घेतलं, गाय तपासली आणि सगळी बाटली मानेत टोचली. रिकामी बाटली पर्समध्ये टाकून मी परत निघाले.

आई गोठ्यात बांडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. माझे रिकामे हात तिनं पाहिले. मीच सांगायला लागले: पेशी, रक्त, डॉक्टर काय म्हणाले ते. तिनं हातानं मला थांबवलं.

"तुझं शिक्षण माझ्या गाईला कामाला आलं न्हाय," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या आलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बांडी गेली. आबांनी जेसीबी बोलावून बांधाकडेला खड्डा काढला. आई तिकडे आली नाही. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी थेट बोलली नाही. जेवायला बोलवायचं तर आबांकडे निरोप, "तिला म्हणावं, ताट वाढलंय." उरलेल्या दोन्ही गाईंच्या माना मी रोज सकाळ-संध्याकाळ चाचपत होते. ती लांबून बघायची, पण अडवायची नाही.

मी पुण्याला निघाले त्या सकाळी ती फाट्यापर्यंत आली. बस दिसल्यावर म्हणाली, "मावशीची बरी झाली म्हणं."

"व्हय. खायला लागलीय."

"तिला सांगितलं मी. मी हो म्हणलं नव्हतं म्हणून."

"मग?"

"रडली. गाय घेऊन जा म्हणाली." आईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. "म्हणलं, ऱ्हाऊ दे."

बस थांबली. मी तिच्या पाया पडायला वाकले, तशी ती मागे सरली. मग पिशवी तिनंच उचलून पायरीवर ठेवली.

सरांकडे मी त्याच विषयासाठी आणखी सहा महिने मागून घेतले. ते प्रथिन अजून विरघळत नाही.