काडीच्या डबीचं वाण

मी आयुष्यात एकदाही विडी ओढली नाही, आणि तरी लढाईवरून घरी आलो तेव्हा माझ्या ट्रंकेत आगकाड्या ठेवायच्या चांदीच्या डब्या भरल्या होत्या.

जुन्या काळी गोरे लोक खिशात काड्या चेंगरू नयेत म्हणून असल्या डब्या बाळगत. मुठीत मावणारी डबी, वर नक्षी, बिजागरीचं झाकण आणि तळाला काडी ओढायला खरखरीत पट्टी. कैरोच्या बाजारात पहिली डबी दिसली आणि मी खुळावलो. पलटणीत वाट्याला येणाऱ्या सिगारेटी देत गेलो, डब्या घेत गेलो. (शत्रूपेक्षा मी बाजारच जास्त पिंजून काढला, हे सुभेदारसाहेबांचं मत.)

साताऱ्याजवळच्या आमच्या गावी आल्यावर बायकोला एवढंच सांगितलं, की या जपून ठेव, लय मोलाच्या हायत. कशाच्या, ते सांगितलं नाही. लष्करात नवरा व्यसनी झाला, असं तिला वाटायला नको!

त्या संक्रांतीला मी सांगलीला गेलो. तिथं माझ्या सासऱ्यांच्या ओळखीच्या सुतारानं डब्यांसाठी काचेचं कपाट केलं होतं. मोटारीच्या टपावर बांधून, प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत धरून ते घरी आणलं. ट्रंक उघडली, तर आत फक्त डांबराच्या गोळ्या.

"डब्या कुठं हायत?"

"वाण दिलं की," बायको म्हणाली. "हळदीकुंकवाला समद्या बायकांना एकेक. आवं, तुमी एवढे कुंकवाचे करंडे आनल्यात, ते का ट्रंकेत ठेवायचे?"

तळाच्या खरखरीत पट्टीवर हळकुंड उगाळायचं, हेही तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

मी डब्या परत आणायला निघालो, तशी आई दारात आडवी उभी राहिली. सवाष्णीला दिलेलं वाण परत मागणारा तू आपल्या घराण्यातला पहिला होशील, म्हणाली.

तरी धीर करून पाटलांच्या वाड्यावर गेलो. तोंड उघडायच्या आत पाटलांनी मला मिठी मारली आणि साऱ्या वाड्याला ऐकवलं, "गड्या, बिल्लं लावून समदेच येत्यात. गावच्या लेकीसुनांसाठी चांदी आनणारा तू एकलाच!"

छाती अशी फुगली की मागायचे शब्द आतच राहिले. घरी आलो तर बायको त्या कपाटात पापड रचत होती. तिचा चेहरा असा उजळला होता की मीही दोन पापड रचले.

संग्रह सोडलेला नाही हं मी. एकही डबी गावाबाहेर गेलेली नाही, रोज घासूनपुसून लख्ख असते. असा संग्रह अख्ख्या जिल्ह्यात नाही, हे मी छातीठोक सांगतो. बघायचा असेल तर संक्रांतीला अवश्य या. फक्त हळदीकुंकवाला बाईमाणसाशिवाय कुणाला आत घेत नाहीत, तेव्हा येताना दोन लुगडी आणा. एक तुम्हाला, एक मला.