पाचवी घागर कोणाची

माझी बायको दिवाळीनंतर गेली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिचं बोलणं कमी झालं होतं, पण एक गोष्ट तिनं दोनदा सांगितली. "अजी, अखितीले पाच घागरी भरजा. पाच. चार नाही." मी म्हटलं, "भरतो न, तू झोप." पाचवी कोणाची, हे विचारलं नाही. वाटलं, घरी आल्यावर विचारू. ती घरी आलीच नाही.

अखिती म्हणजे अक्षय तृतीया. इथले, रायपूरकडचे लोक तिला अक्ती म्हणतात आणि त्या दिवशी पोट्टे-पोट्टी मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. आमच्या विदर्भाकडच्या घरात तो पितरांचा दिवस. मातीच्या घागरीत वाळ्याचं पाणी भरायचं, वर आंबा नाहीतर खरबूज ठेवायचं, समोर पत्रावळीवर वाढायचं. आमच्या घरी हे सारं सुनाच करत. पुरुषांनी फक्त जेवायला बसायचं. चाळीस वर्षं ती आत घागरी भरत होती आणि मी बाहेर खाटेवर बसून वडे कधी येतात ते पाहत होतो.

मेलेलं माणूस पहिल्या अखितीला पितरांच्या पंगतीत बसतं, असं आमच्याकडे धरतात. म्हणजे यंदा तिला बसायचं होतं. बाजूला कोण कोण आहे, हे मला ठाऊक असायला नको? बाप, माय, आजा, आजी, हे चार मी सांगू शकत होतो. पाचवं माणूस मला माहीत नव्हतं. आणि तिनं मरताना माझ्याकडून दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

मी चौथी शिकलो. रेल्वेत गँगमन म्हणून लागलो, मेट, म्हणजे टोळीचा मुकादम, होऊन रिटायर झालो. रुळावर चालता चालता कुठला बोल्ट ढिला आहे ते पायाला कळायचं. लिहायचं काम कधी पडलं नाही, म्हणून हे जसं येते तसं लिहून राहिलो.

आमच्या घरात एकच गोष्ट छाती काढून सांगितली जायची. पणजोबा नागपूरकडून लाइन टाकायला आला, जंगल तोडत तोडत, आणि इथंच राहिला. तेव्हा डोंगरगढच्या अलीकडे-पलीकडे सारं रानच रान होतं म्हणे. या गोष्टीवर मी जन्मभर ताठ होतो. चौथी पिढी इथं जन्मली, तरी कोणी विचारलं की मी सांगायचो, आम्ही इथले नाही, नागपूरकडचे. मग राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, आणि मुलाच्या नोकरीसाठी मूल निवासीचा दाखला लागला. कचेरीतल्या बाबूनं विचारलं, "कहाँ के हो?" मी म्हटलं, "यहीं के. चार पीढ़ी से." घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणते, "घरी नागपूरचे, कचेरीत रायपूरचे. मंग रस्त्यानं कुठचे होता?"

त्याच मुलानं दुर्गकडची छत्तीसगढी पोट्टी केली. मी लग्नात उभा राहिलो, पण त्यानंतर वर्षभर सुनेशी धड बोललो नाही. पाणी आणून दिलं तर ग्लास घ्यायचो, तिच्या तोंडाकडे पाहायचो नाही. ती मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. मला वाटायचं, हिला आमच्या घरातलं काय कळणार. म्हणून पाचव्या घागरीचं तिला विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी सरळ पॅसेंजर पकडली आणि मूळ गावी गेलो.

गाव भंडाऱ्याच्या पलीकडे. मी पहिल्यांदाच जात होतो, एवढा मी नागपूरकडचा. भावबंदांत एक रिटायर मास्तर आहेत, माझ्याच वयाचे. त्यांच्याकडे लाल फडक्यात बांधलेली वंशावळीची वही आहे, असं ऐकून होतो. होती. मास्तरांनी चष्मा पुसला, बोट ठेवून ठेवून खाली आले आणि पणजोबाच्या नावावर थांबले.

"हा पाहा. लाइनीच्या कामावर गेला. इथं फांदी खतम."

नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, निपुत्रिक.

"निपुत्रिक? मंग मी कोन हाओ?"

"तेच तं मी इचारून राहिलो," मास्तर चष्म्यावरून पाहत म्हणाले.

आतून त्यांची बायको ओरडली, "अजी, मानसाले चहा तं पिऊ द्या पहिले! मंग खोडा त्याले."

चहा पिताना कळलं ते असं. पणजोबाचं लग्न झालं होतं. दुसऱ्या वर्षीच तो कामावर गेला. बायको इथंच राहिली. तिला लेकरू नव्हतं. तो परत आला नाही, त्याचा निरोपही नाही. जिवंत आहे की मेला हेही कळलं नाही, म्हणून ती म्हातारी होईस्तोवर रोज कुंकू लावत राहिली आणि या घरातच मेली.

"तिचं नाव काय?"

"बायकांचे नावं वहीत नसतात," मास्तर म्हणाले.

त्यांच्या बायकोनं कप उचलले. "तिची घागर कोनी भरत नाही भाऊजी. भरन तं कोन? तिचं कोनीच नाही."

परतीच्या गाडीत मी एकच गोष्ट घोळवत होतो. पणजोबाची बायको गावाबाहेर पडली नाही. मग माझ्या आजाला जन्म कोणी दिला? ज्या पणजोबाच्या नावावर मी छाती काढत होतो, त्यानं एक बाई जन्मभर दारात बसवून ठेवली, आणि मी त्याच्या दुसऱ्याच कोण्या बाईचा वंश. घरी आलो तो चिडून. खोटं कशाला बोलू, राग बायकोचाही आला. पाच सांगितल्या म्हणजे तिला माहीत होतं, आणि तिनं मला सांगितलं नव्हतं. मेलेल्या माणसावर राग काढता येत नाही म्हणून मी भाजीवर काढला. आठ दिवस मीठ कमी आहे, तिखट जास्त आहे, एवढंच बोललो. सून बिचारी रोज नवीन भाजी करून पाहत होती.

अखितीला दोन दिवस राहिले. सून गोल बाजारात निघाली होती, हातात पिशवी. दारातून वळून म्हणाली, "बाबूजी, घड़ा छै लाना है न? पाँच, और एक मम्मीजी का."

मी खाटेवरून उठलो. "पाच कोनाचे, तुले मालूम आहे?"

"हव." तिनं बोटांवर मोजलं. माझा बाप, माय, आजा, आजी. "और दाई."

छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. "कोन दाई?"

तिनं पिशवी खाली ठेवली. "मम्मीजी बोली थीं, बाबूजी को मत बताना."

"काहून?"

"बोली थीं, सुनेंगे तो घड़ा फोड़ देंगे."

फोडलं असतं. पाच वर्षांआधी कळलं असतं तर नक्की फोडलं असतं. मी म्हटलं, "आता नाही फोडत. सांग."

मग तिनं दारातच बसून सांगितलं, तिच्या हिंदीत, आणि मी ऐकलं. लाइनीच्या कामावर पणजोबाला ताप आला. टोळी पुढं निघून गेली, तो मागे एका गावाच्या कडेला पडून राहिला. त्या गावातली एक बाई त्याच लाइनीवर मातीचे टोपले वाहत होती. तिनं त्याला आपल्या झोपडीत नेलं, पसिया पाजला, म्हणजे भाताची पेज, आणि उभा केला. बरा झाल्यावर तो गेला नाही. दोघं लाइनीबरोबर रायपूरला आले. माझा आजा तिच्याच पोटी झाला. पुढं आजासाठी नागपूरकडची बायको आणली. आल्या दिवशी तिला सांगितलं, बाहेर म्हणायचं की सासूही तिकडचीच आहे. माझी आजी बाहेर तसंच म्हणत राहिली. पण सासू गेल्यावर तिनं दरसाल घागर भरली, आणि तिच्यापुढं पुरण नाही ठेवलं, बासी ठेवली. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर कांदा, आणि बाजूला दोन हिरव्या बांगड्या. आजीनं माझ्या मायला सांगितलं, मायनं माझ्या बायकोला. पुरुषांना सांगायचं नाही असं ठरलेलं, कारण पुरुष नाकानं विचार करतात. नाव कोणालाच माहीत नाही. आजी सासूला दाईच म्हणत होती, तेवढंच पुढं आलं.

"आणि पणजोबा? त्याची घागर काहून नाही?"

सून हसली. "मैंने भी पूछा था. मम्मीजी बोलीं, उनको दाई अपने में से पिला देगी. पहले भी तो वही पिलाती थी."

हे सारं तुला केव्हा सांगितलं, मी विचारलं. ती पिशवीचा बंद चाळवत राहिली. मग म्हणाली, लग्नाच्या पहिल्याच साली. मी बोलत नव्हतो म्हणून ती चुलीपाशी रडत होती. तेव्हा माझ्या बायकोनं तिला घागरींपुढं बसवलं आणि म्हटलं, "तू बाहर की नहीं है. इस घर की पहली बहू तेरे ही तरफ़ की थी. हम सब तो उसके बाद आईं."

मी पाणी मागितलं. तिनं आणून दिलं.

आता इतक्या महिन्यांनी विचार करतो तेव्हा राग उरलेला नाही. उलट वाटते, बायकोनं माझी किती लाज राखली. मी बाहेर बसून नागपूरच्या गोष्टी सांगायचो आणि ती आत त्या म्हातारीपुढं बासी वाढायची, आणि एका शब्दानं कधी मला खाली पाहायला लावलं नाही. आणि ती जायच्या आधी हे सारं अशा हाती देऊन गेली की सांडलं नाही. मी जिच्या तोंडाकडे पाहत नव्हतो, तिच्या हाती. त्या दाईचं तर काय सांगावं. कोण कुठला तापानं फणफणलेला परका माणूस, भाषा वेगळी. तिनं त्याला उचललं म्हणून मी आज हे लिहायला आहे. तिचे उपकार मानायला मला सत्तर वर्षं लागली.

"सहा नको," त्या दिवशी पाणी पिऊन झाल्यावर मी सुनेला म्हटलं. "सात आन."

"सातवाँ किसका?"

मग मी तिला गावातल्या त्या बाईचं सांगितलं, जी कुंकू लावून वाट पाहत राहिली. हे आमच्या घरच्या बायकांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. सून म्हणाली, "उनको और दाई को पास-पास रखेंगे तो झगड़ा तो नहीं होगा न?"

"झालं तं होऊ दे," मी म्हटलं. "दोघी मिळून त्यालेच धरतील."

अखितीच्या सकाळी मी पहिल्यांदा आत पाटावर बसलो. सून हाताशी, मुलगा चकित होऊन दारात. एकेक घागर मी भरली. बाप, माय, आजा, आजी. दाईची भरताना सुनेनं बासीचा वाडगा पुढं सरकवला. सातवीचं नाव नव्हतं, मी "गावची माय" म्हणून पाणी ओतलं. बायकोच्या घागरीला दाईच्या बाजूला जागा ठेवली होती. ती शेवटी भरली. थोडं पाणी जमिनीवर सांडलं. सून पुसायला वाकली, मी म्हटलं राहू दे.

मग तिनं विचारलं, "बाबूजी, मम्मीजी को क्या रखूँ? पूरन तो उनको भाता नहीं था."

मी म्हटलं, थांब. चपला घातल्या आणि बूढ़ापारा मोहल्ल्यात तलावाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. लग्न नवीन होतं तेव्हा मायचा धाक फार. ड्युटीवरून येताना मी त्या कोपऱ्यावरून गरम रेतीत भाजलेले खारे फुटाणे कागदाच्या पुडीत आणायचो. ती भिंतीकडे तोंड करून खायची, आणि सासूला कुरकुर ऐकू जाऊ नये म्हणून एकेक फुटाणा मऊ होईस्तोवर तोंडात धरून ठेवायची. दुसऱ्या फुटाण्यापर्यंत बोलायचीही नाही.

पुडी आणली, तिच्या पत्रावळीवर उघडून ठेवली. हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.