मेकॅनिक निघालाय

ट्रॅक्टर ज्याच्याकडे आहे त्याच्यापेक्षा ज्याला तो घ्यायचाय त्याच्याकडे ट्रॅक्टरचे किस्से जास्त साचतात. ट्रॅक्टरवाला सकाळी वावरात निघून जातो. घेणारा मात्र दिसेल त्याला विचारत सुटतो, आणि आमच्याकडे विचारलेल्याचं सरळ उत्तर द्यायची पद्धत नाही. लोक किस्सा सांगतात. मी दोन हंगाम असा विचारत फिरलो. मिळालेले बहुतेक किस्से भीतीचे निघाले, आणि मी तर मुळातच भित्रा.

आमची बैठक हिरालाल शेठच्या खत-बियाण्याच्या दुकानाच्या ओट्यावर. गाव शिरपूरहून थोडं आत, सातपुड्याच्या अंगाला. ओट्यावर रोजचे आम्ही तिघं. एक मी. दुसरे सुभाष मास्तर, शाळेतून रिटायर होऊन शेतीला लागलेले. तिसरे भिला आबा. बैल असो, पंप असो की पोरासाठी स्थळ असो, आमच्या गावात आबांनी नजर घातल्याशिवाय व्यवहार होत नाही.

मला हवा होता मिनी ट्रॅक्टर, पपईच्या दोन ओळींत शिरेल असा. जळगावचा डीलर स्वस्त देत होता. शिरपूरचा महाग. फरक एवढा की त्यात ट्रॅक्टरमागे जोडायचा, माती भुसभुशीत करणारा एक रोटाव्हेटर आला असता! पण शिरपूर आम्हाला हाकेच्या अंतरावर आणि जळगाव पार चोपड्याच्या पलीकडे. ट्रॅक्टर बिघडला तर येणार कोण, एवढाच माझा प्रश्न होता.

तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं? तर आमच्या वावरात जायला नाला उतरावा लागतो. उतार इतका उभा की बैलगाडी उतरवतानाही एक माणूस मागून दोर धरून चालतो. ट्रॅक्टर चालवणार होता माझा धाकटा भाऊ निंबा. देवानं निंबाला भीती दिलीच नाही, त्याच्या वाट्याचीसुद्धा मला दिली. त्या उतारावर ब्रेक लागला नाही तर निंबाचं काय होईल, या विचारानं मी रात्री उठून बसायचो. अजूनही बसतो.

*

पहिला किस्सा मास्तरांचाच. त्यांनी जळगावहून स्वस्तातला मिनी ट्रॅक्टर घेतला होता. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. दोन्ही सारखे लागले तर ठीक, नाही तर गाडी एका अंगाला ओढते. मास्तरांचा उजवा ब्रेक ढिला पडला होता. ते फोन करत होते, तिकडून "मेकॅनिक निघालाय" असं उत्तर येत होतं, आणि मास्तर विश्वासानं वखर चालवत होते.

एक दिवस विहिरीजवळ वळताना त्यांनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर डावीकडे ओढला गेला आणि पुढचं चाक विहिरीच्या काठावर जाऊन टेकलं. खाली पाणी दिसत होतं. मास्तर मागच्या मागे उतरले, चार पावलं चालले आणि मातीत बसले. मी धावत गेलो. त्यांचा चेहरा पांढराफटक. म्हटलं, मास्तर, पाणी देऊ का?

मास्तर म्हणाले, "वॉरंटीत आहे."

*

पुढचे काही दिवस तो मेकॅनिक निघतच राहिला. सकाळी फोन केला की "निघालाय," दुपारी केला की "चोपड्यापर्यंत आलाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालाय, पुन्हा चोपडा. त्याच्या पुढे तो काही सरकेना. मास्तर रोज ओट्यावर येऊन बातमी सांगायचे आणि आम्ही ऐकायचो.

शेवटी आबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "मास्तर, त्यानी चोपडामा लगीन करी लिधं का?"

मास्तर हसले नाहीत. त्यांचा कापूस तणानं भरला होता. हाताखालचं यंत्र असून भाड्यानं बैलजोडी शोधत फिरायची पाळी त्यांच्यावर आली होती. मी हसलो खरा, पण हसताना डोळ्यांसमोर आमचा नाला होता.

ट्रॅक्टर गोठ्याशेजारी ओढून आणला होता. पावसाळा लागला, तसा मास्तरीणबाईंनी लावलेला गिलक्याचा वेल त्याच्या चाकावरून चढला आणि स्टेअरिंगला गुंडाळला. बाईंनी एकदा आम्हाला जेवायला बोलावलं. भाजी गिलक्याची होती. वाढताना बाई म्हणाल्या, "पोटभर जेवा, ट्रॅक्टरचं उत्पन्न आहे."

*

तरी माणसाचा जीव स्वस्ताईकडे ओढतोच. म्हटलं, एका मास्तरांवरून डीलरला नाव ठेवू नये. आपण स्वतः बघावं. आबांना आणि मास्तरांना घेऊन जळगाव गाठलं.

काचेचं शोरूम, थंडगार. सेल्समननं आम्हाला कोल्ड्रिंक पाजलं, मला सीटवर बसवलं, माझा फोटो काढला. "ब्रेक एकदम मक्खन, साहेब."

"खराब झाले तर?"

"फोन करायचा. आमचा मेकॅनिक लगेच निघतो."

मास्तर म्हणाले, "निघतो ते मला माहीत आहे. पोचतो का?"

आबांची एक पद्धत आहे. दुकान ते पुढून पाहत नाहीत. "मुतारी कोठे शे?" असं विचारून ते मागच्या दारानं वर्कशॉपकडे गेले. बराच वेळ आले नाहीत.   सेल्समन रंग कोणता म्हणून विचारत होता, आबांनी येऊन माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं.

कारण एस.टी.त बसल्यावर सांगितलं. मागे तीन ट्रॅक्टर दुरुस्तीला उभे होते, चाकाला गवत लागलेलं. एकाखाली कुत्री व्यायली होती, पिल्लांचे डोळे उघडलेले. "कुत्री येडी नही शे," आबा म्हणाले. "जठे कोनी हात लावस नही, तठेच ती पिल्लं देस."

*

हिरालाल शेठ हे सगळं गल्ल्यावर बसून ऐकायचे. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ बोलणार आमच्यासारखंच. माझी घालमेल बघून एकदा म्हणाले, "भाऊ, माझं बियाणं उगवलं नाही तर तुम्ही काय करता?"

"काय करणार? तुमच्या ओट्यावर येऊन बसतो."

"मग जळगाववाल्याच्या ओट्यावर कोण जाऊन बसणार?"

*

घरात मात्र निंबाशिवाय या विषयावर कुणी बोलत नव्हतं. निंबाचं लग्न नुकतंच झालेलं. त्याची बायको कविता माझ्याशी कधी बोलत नसे, आमच्यात जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायची रीत नाही. काही लागलं तर माझ्या बायकोमार्फत निरोप. मी अंगणात आलो की ती डोक्यावरचा पदर ओढून आत जायची.

एक दिवस मी आणि निंबा जेवत होतो. निंबा जोरात होता. "दादा, स्वस्तवाला लेऊ. ब्रेक नही लागना तर मी उडी मारसू!" आणि खो खो हसला. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

कविता भाकरी वाढायला आली होती. ती तिथेच उभी राहिली. पदर सारखा करून माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, सस्ता नका लिज्यात." आणि आत गेली.

लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. निंबाचं हसणं थांबलं. मला तर तिच्यापुढे कधी मान वर करता येईल असं वाटेना.

*

मग आम्ही शिरपूरच्या डीलरकडे गेलो. किंमत त्यानं रुपयानंही कमी केली नाही. आबा मागच्या दारानं जाऊन आले, तिथे गवत नव्हतं, कुत्री नव्हती. मला हायसं वाटलं. तेवढ्यात मास्तरांनी विचारलं, मेकॅनिक कुठे आहे?

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "कॉलवर गेलेत."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जास्त पैसे देऊनही चोपडाच मिळणार असेल तर काय करायचं? परत आलो. ओट्यावर टेकल्यावर आबांनी निकाल दिला.

"पहिले बिघाडसुत. मंग लेसुत."

म्हणजे असं की, ट्रॅक्टर घ्यायच्या आधीच तो बिघडला म्हणून फोन करायचा आणि कोणी येतं का बघायचं. बैल घेताना आम्ही त्याला आधी चिखलात चालवून पाहतो, मग डीलरला का नाही? मला ते बरोबर वाटलं. मास्तरांना तर फारच बरोबर वाटलं.

फोन निंबा करणार. आबांनी पढवलं, एवढंच सांग की गेल्या महिन्यात घेतलेला ट्रॅक्टर नाल्यात बंद पडलाय. वावराचा रस्ता सांग आणि फोन बंद करून टाक. चालू ठेवला तर ते फोनवरच गोड बोलून निपटवतात.

श्रावण होता. नाल्याला कंबरभर गढूळ पाणी. आम्ही उताराच्या वर, पपईच्या झाडांत उभे राहिलो. निंबाला नुसतं "बंद पडलाय" पुरेसं वाटलं नसावं. तो फोनमध्ये ओरडला, "उतरताना ब्रेक लागला नाही! नाल्यात कलंडला!" आणि फोन बंद.

"काय म्हणाली ती काउंटरवरची?" मी विचारलं.

"मेकॅनिक निघालाय."

आम्ही पोट धरून हसलो. आबांनी बूड टेकवलं, तंबाखू काढली. संध्याकाळपर्यंत बसायच्या तयारीनंच आलो होतो.

तंबाखू मळून व्हायच्या आत मोटरसायकलचा आवाज आला. मास्तर म्हणाले, दूधवाला असेल.

गाडीवर पांढरी दाढीवाला म्हातारा माणूस होता, टाकीवर हत्यारांची पिशवी. त्यांचं नाव युसूफचाचा, हे आम्हाला मागून कळलं. उताराच्या तोंडाशी ते थांबले. खाली पाहिलं. ट्रॅक्टर नव्हता. नुसतं गढूळ पाणी वाहत होतं. त्यांनी फोन कानाला लावला, खिशात टाकला, पुन्हा पाण्याकडे पाहिलं. आणि स्टँडही न लावता गाडी सोडून दिली. गाडी आडवी पडली, पिशवीतली हत्यारं उतारावर सांडली.

चाचा धावत उतरले. अर्ध्यावर पाय घसरून पडले, उठले, कपड्यांसकट पाण्यात शिरले. वाकून दोन्ही हातांनी पाण्याखाली चाचपडू लागले. थोडं पुढे, थोडं मागे.

"भाऊ! कोठे शे तू? आवाज दे, भाऊ!"

त्या नाल्यात असं कुणीतरी निंबाला शोधतंय, हे मी मनात कितीदा पाहिलं होतं. आता डोळ्यांनी पाहत होतो.  शेजारी निंबा उभा होता. जन्मात पहिल्यांदा मी त्याच्या तोंडावर भीती पाहिली.

तोच आधी सुटला. "मी आठे शे! आठे शे मी!" करत पाण्यात उतरला. चाचांनी त्याला दोन्ही दंडांना धरलं. डोक्यावरून हात फिरवला, छाती चाचपली, पाठ पाहिली, रक्त कुठे येतंय ते शोधत राहिले. "कोठे लागं? सांग ना, कोठे लागं?"

निंबानं नुसती मान हलवली. त्याला रडू आलं होतं.

चाचांनी त्याला काठावर बसवलं, स्वतः त्याच्याजवळ बसले. बराच वेळ त्यांना दम लागला होता. तोवर आम्ही तिघंही खाली जाऊन उभे राहिलो होतो. चाचांनी आमच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं.

"आनि ट्रॅक्टर? ट्रॅक्टर कोठे शे?"

आबांनी टोपी काढून हातात घेतली.

"आजून लेवाना शे, भाऊ."