सुजाताला आणायला मालदीवला

मालदीव म्हटलं की निळ्या पाण्यावरच्या लाकडी खोल्या आठवतात. आम्ही त्या विमानाच्या खिडकीतून पाहिल्या, तेवढ्याच. अंबरनाथच्या बुवापाड्यातून मी आणि आई निघालो ते माझ्या धाकट्या बहिणीला, सुजाताला, परत आणायला. ती तिथे एका बेटावर नर्स आहे. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका नर्सिंग होममध्ये आईने तिच्यासाठी नोकरीचं बोलून ठेवलं होतं. "फोनवर ती मला गुंडाळते," आई म्हणाली. "आता समोर बसूनच बोलते तिच्याशी."

जाणाऱ्यांसाठी कामाचं आधी सांगते. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, फुकट. परतीचं तिकीट आणि राहायचा पत्ता जवळ ठेवा. दारू नेता येत नाही, पूजेच्या मूर्तीही नाहीत. आईने बॅगेत छोटी बुद्धमूर्ती ठेवली होती, ती सुजाताने फोनवरून काढायला लावली. "कायदा आहे आई इथला." आईने ती कपाटात ठेवली.

मुंबईहून माले तीनेक तास. तिथून छोट्या विमानाने दक्षिणेला, लामू अटॉलला. अटॉल म्हणजे उथळ पाण्याभोवती हातातल्या कड्यासारखी गोल मांडलेली बेटं. अख्खा देश अशा कड्यांचा. डोंगर नाही, नदी नाही. रोज मलंगगड समोर बघणाऱ्या आईला काही चैन पडेना.

"समुद्र वर आला तर ही माणसं चढणार कुठे?"

"तेच तेही विचारतात," आम्हाला न्यायला आलेली सुजाता म्हणाली.

रिसॉर्ट सोडून लोकवस्तीच्या बेटावर राहिलात तर खर्च आपल्या आवाक्यात येतो. गेस्टहाऊस साधी, स्वच्छ. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे न्या. शुक्रवारी नमाज होईपर्यंत दुकानं बंद, त्यामुळे आदल्या दिवशीच पाणी-बिस्किटं घेऊन ठेवा. नाश्त्याला मासहुनी मिळते: ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची हाताने कुस्करलेली, सोबत रोशी, म्हणजे आपली चपातीच. माशाला तिकडे 'मस' म्हणतात. आई तेवढ्यावर खूश झाली. "अर्धं मराठीच की!"

सुजाता ज्यांच्या घरी भाड्याने राहते त्या मरियमबाई सत्तरीच्या. सिनेमे बघून शिकलेलं हिंदी बोलतात. आईचं हिंदी उल्हासनगरच्या बाजारातलं. दोघींचं जमलं. आम्ही बौद्ध आहोत हे कळल्यावर बाई म्हणाल्या, "पुराना टाइम में हम भी. चलो, दिखाती हूँ."

माडांच्या पलीकडे झुडपांत एक ढिगारा होता, प्रवाळाच्या दगडांचा. हवित्ता म्हणतात त्याला. कधीकाळचा स्तूप. इस्लाम येण्याआधी या बेटांवर बुद्धाचीच शिकवण होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. पाटी नाही, कुंपण नाही. मरियमबाई मागे सावलीत थांबल्या. आईचे हात जोडण्यासाठी वर आले. सुजाता हलकेच म्हणाली, "आई, इथे उघड नको. मनात म्हण." आईने हात खाली घेतले आणि डोळे मिटून उभी राहिली.

डोळे उघडल्यावर आईने विचारलं, "तू येतेस इथे?"

"सुट्टीच्या दिवशी. बसते नुसती."

"सांगितलं नाहीस कधी."

"तुला वाटलं असतं, मी एकटी पडलेय."

"पडलीयेस?"

"हो." सुजाताने ओले डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. "पण परत नाही यायचं मला, आई. तिकडे नाव सांगितलं की पुढचा प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितलं की चेहरा बदलतो. चहाचा कप वेगळा नसतो गं आता, पण चेहरा बदलतो. इथे मी परकी आहे. बुद्धवंदना मनात म्हणावी लागते. पण आडनाव कुणी विचारलेलं नाही."

मला वाटलं, आई आता नर्सिंग होमचा विषय काढेल. तिने सुजाताचा हात धरला आणि तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही. वाटेत दोन बायकांनी सायकली थांबवून सुजाताशी बोलून घेतलं. एकीने छातीशी बांधलेलं बाळ तिच्याकडे दिलं, सुजाताच्याच हातावर जन्मलेलं.

परत येऊन महिना झाला. समुद्राचा तो रंग फोटोत आलाच नाही, आणि मला आता नीट आठवतही नाही. मनात राहिलं ते वेगळंच. धाकट्या बहिणीला मी लहानपणापासून ओळखते असं समजत होते. तिची इथे कसली दमछाक होत होती ते ऐकायला समुद्र ओलांडावा लागला. आणि इथे हात उघड जोडता येतात पण आडनाव आड येतं, तिथे आडनाव कुणी विचारत नाही पण ओठ मिटावे लागतात, यातलं काय निवडायचं ते माझ्या बहिणीने एकटीने ठरवलं. बेटं बघायला जरूर जा. कुणी आपलं तिथे राहत असेल तर त्यांच्या दारात जास्त वेळ बसा.

परत आलो त्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, "एवढ्या लांब जाऊन पोरीला न घेताच आलात?"

आई चपला काढत होती. "पोर कशी राहते ते बघायला गेले होते," ती म्हणाली. "बघून आले."

निघताना ती असं म्हणाली नव्हती. मी बॅगा आत नेल्या आणि चहा टाकला.