पहिल्यापासून लेफ्ट

खोटं बोलून फसलेली माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. मी शब्दन् शब्द खरं बोललो आणि फसलो. आणि फसलो कुठे, तर गोल्फमध्ये! ज्या माणसाची अख्खी हयात नाशिकच्या द्वारका चौकाजवळ पंप-मोटारींचे सुटे भाग विकण्यात गेली, त्याचा आणि गोल्फचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. तेच सांगतोय. चहा घ्या, गार होईल.

आमच्या सायलीनं पुण्यात नोकरी करता करता स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं. मुलगा निनाद. मुलगा चांगला, नाव ठेवायला जागा नाही. त्याचे वडील कर्णिक साहेब जहाजावर इंजिनिअर होते. आयुष्य समुद्रावर काढून निवृत्तीनंतर नुकतेच नाशिकला राहायला आलेले, गंगापूर रोडला. त्यांचा होकार तेवढा बाकी होता. सायलीनं मला आधीच बजावून ठेवलं होतं की, पप्पा, त्यांना सगळं चालतं, फक्त बढाई मारणारा माणूस चालत नाही. तेव्हा जे असेल ते खरं सांगा.

मी म्हटलं, एवढंच ना? सोपं आहे.

आता नाशिकबाहेरच्या मंडळींसाठी एक खुलासा. आमच्याकडे गोल्फ क्लब म्हणजे एक मैदान आहे. तिथे कुणी गोल्फ खेळत नाही. त्याच्या कडेनं चालायचा ट्रॅक आहे आणि सकाळी निम्मं नाशिक तिथे गोल गोल फिरत असतं. नाव का पडलं ते फिरणाऱ्यांपैकी कुणी विचारत नाही. "गोल्फला जाऊन आलो" याचा आमच्या घरातला अर्थ एवढाच, की चालून आलो, आता पोहे टाका.

तर कर्णिक साहेबांचा पहिल्यांदाच फोन आला. आवाज भारदस्त. मी दुकानात गल्ल्यावरून उठून उभाच राहिलो.

"देवरे साहेब, सायली म्हणत होती, तुम्ही गोल्फला जाता?"

"रोज," मी म्हणालो. "थंडी असो, पाऊस असो. पावसात छत्री घेऊन जातो."

छत्री घेऊन गोल्फ खेळणारा माणूस त्यांना जगातल्या कुठल्या बंदरावर भेटला नसावा. मग त्यांनी विचारलं, एकटेच जाता का? मी म्हटलं, छे, आमचा ग्रुप आहे, झालं की गेटवर चहा असतो. हेही खरंच.

"वा. आणि तुम्ही राइट की लेफ्ट?"

आता गेटातून आत शिरलं की काही लोक उजवीकडून फेरी सुरू करतात, काही डावीकडून. मी अभिमानानं सांगितलं, "लेफ्ट. आपण पहिल्यापासून लेफ्ट."

"काय सांगता!" त्यांचा आवाज एकदम चढला. "आणि हँडिकॅप?"

हँडिकॅप म्हणजे गोल्फवाल्यांचा खेळातला दर्जा, हे मला फार नंतर कळलं; तेव्हा जरा आश्चर्यच वाटलं. पण खरं सांगायचं ठरलं होतं. म्हटलं, "गुडघा. फार काही नाही, चढावर तेवढा बोलतो."

ते इतके मोकळे हसले की मीही हसलो. आपल्या गुडघ्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, पण व्याही हसतोय म्हटल्यावर आपण कशाला मागे राहायचं? येत्या रविवारी दोघांनी गोल्फला जायचं, घरच्यांनाही बरोबर घ्यायचं आणि तिथेच जेवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. फोन ठेवला आणि मी मंगलला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना सांगितलं की, जमलं. माणूस एकदम आपल्यातला आहे.

रविवारी सकाळी मी बूट घातले, कानटोपी घातली आणि तयार. कर्णिक साहेब स्वतः गाडी घेऊन आले. बायका-मुलं निनादच्या गाडीत मागून येणार होती. गाडी आमच्या मैदानावरून सरळ पुढे गेली तसा मी म्हणालो, "साहेब, गोल्फ क्लब मागे राहिला."

"तिथे तर तुम्ही रोज जाताच की," ते म्हणाले. "आज आमच्याकडचं बघा."

म्हटलं, असेल दुसरा एखादा ट्रॅक.

शहर संपलं, द्राक्षांचे मळे लागले, आणि डोंगराच्या पायथ्याशी एका हिरव्यागार ठिकाणी गाडी थांबली. लांबच लांब गवत. त्यात मध्ये मध्ये झेंडे. कर्णिकांनी डिकी उघडली. आत दोन भल्यामोठ्या पिशव्या आणि पिशव्यांत काठ्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पडला म्हणजे काय, वीज कोसळली. राइट, लेफ्ट, छत्री, गुडघा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं ना? मी तोंड उघडलंही होतं. पण कर्णिक साहेब एका पिशवीवरून हात फिरवत बोलायला लागले. ही पिशवी डावखुऱ्या माणसाच्या काठ्यांची. त्यांनी फार वर्षांपूर्वी परदेशात स्वतःसाठी घेतलेली. कारण ते जन्माचे डावरे. लहानपणी पंगतीत डावा हात पुढे आला की चापट बसायची, शाळेत छडी बसायची. शेवटी सगळं उजव्या हातानं शिकले, गोल्फसुद्धा. या काठ्या घेतल्या खऱ्या, पण सगळ्यांसमोर एकट्यानं उलटं उभं राहायची लाज वाटली, म्हणून कधी पिशवीतून काढल्याच नाहीत.

"तुम्ही फोनवर ज्या ताठ्यानं सांगितलंत ना, पहिल्यापासून लेफ्ट," ते म्हणाले, "मला रात्री झोप लागली नाही. देवरे, आज या काठ्यांचं उद्घाटन तुमच्या हातून."

आता सांगा, अशा माणसाला काय सांगायचं? की साहेब, मी फक्त डावीकडून चालतो?

मी काठी घेतली.

डाव्या हातानं तुम्ही कधी दात घासून बघितलेत? ब्रश नाकात जातो. इथे तर माणूसभर लांब काठी आणि लिंबाएवढा चेंडू. कुठला हात वर, कुठला खाली, कुठला पाय पुढे, कशाचा कशाला मेळ नाही. समोर व्हरांड्यात तोवर सगळी मंडळी येऊन बसली होती. मी डोळे मिटून काठी फिरवली. काठी गेली, तिच्यामागोमाग मी गेलो, एक पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा जागेवर आलो. चेंडू जिथल्या तिथे.

कर्णिक म्हणाले, अंग मोकळं होऊ द्या.

दुसऱ्या वेळी चेंडूच्या मागची जमीनच उचलली गेली. गवतासकट मातीचं ढेकूळ उडालं आणि बरोबर कर्णिक साहेबांच्या टोपीवर जाऊन बसलं. त्यांनी ते शांतपणे काढलं. म्हणाले, नव्या काठ्या आहेत, हात बसायला वेळ लागतोच. त्यांचा तो विश्वास बघून मला रडू यायचं बाकी होतं. मग मी जो सपाटा लावला म्हणता! काठी उचलायची आणि हाणायची. असंख्य वेळा हाणल्यावर एकदाचा चेंडू लागला आणि बैलगाडी अंतर काटते तसा घरंगळत पंधरा-वीस पावलं पुढे गेला. कर्णिकांनी टाळ्या वाजवल्या. आणि खोटं कशाला बोलू, मलाही चेव चढला. वाटलं, जमतंय की!

व्हरांड्यात चहाला बसलो. कर्णिक साहेब रंगात आले होते. त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "तुम्हाला कधी घरी मारलं नाही, डाव्या हातावरून?"

मी उत्तर जुळवतोय तोवर आमची मंगल म्हणाली, "यांना? यांना डाव्या हातानं अंघोळीचा तांब्या उचलता येत नाही."

सायलीनं कपाळावर हात मारून घेतला. निनाद बुटांकडे बघायला लागला.

मग मी बोललो. काय करणार? मैदान, ट्रॅक, पोहे, गेटातून डावीकडे वळणं, गुडघा, सगळं सांगितलं. म्हटलं, साहेब, फोनवर मी एकही शब्द खोटा बोललो नाही. खोटं वागलो ते इथे आल्यावर. तुमचा आनंद बघून जीभ उचलली नाही. यात पोरीची काही चूक नाही, काय मांडायचं ते माझ्या नावावर मांडा.

कर्णिक साहेबांनी कप खाली ठेवला. चेहरा दगडासारखा. नुसते ओठ हलत होते. मग हळूच म्हणाले, "पावसात... छत्री घेऊन..." आणि जे हसत सुटले, ते थांबेचनात. खुर्ची हलत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, जहाज सोडल्यापासून यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

हसून झाल्यावर ते उठले, मैदानात गेले आणि ती डावखुरी काठी उचलली. सगळ्यांसमोर उलटे उभे राहिले. आणि काय सांगू, चेंडू असा उडाला की बघता बघता झेंड्यापाशी. तो माणूस तिथेच उभा राहून नुसता आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. मला भरून आलं.

मग त्यांनी स्वतःची उजवी काठी माझ्या हातात दिली. म्हणाले, आता तुमचा खरा हात दाखवा.

मला तर स्फुरणच चढलं. जन्मभर याच हातानं नट-बोल्टचे पाने फिरवलेत, मोटारी उचलल्यात! मी बाह्या सरसावल्या, ऐटीत उभा राहिलो आणि सगळी ताकद लावून काठी फिरवली.

काठी हातातून सुटली. सुटली ती थेट कडेच्या तळ्यात. चेंडू हललासुद्धा नाही.

मंगल म्हणाली, "डावाच लय बरा होता."

होकार तिथेच मिळाला. पुढे साखरपुड्यात कर्णिक साहेबांनी त्यांच्या सगळ्या गोताशी माझी ओळख करून दिली. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे आमचे व्याही, देवरे. पक्के डावखुरे. उजव्या हातानं खेळताना मी स्वतः पाहिलंय त्यांना, म्हणून खात्रीनं सांगतो."